जंगल सरकारचंच आहे, मग वाचवायचं कुणापासून?

हा प्रश्न मला २०२५ च्या उन्हाळ्यात घरच्यांनी विचारला, ऑफिसातल्यांनी विचारला, मराठी मंडळाच्या ग्रुपवर तर दोन-तीनदा विचारला गेला, कारण मी तिथे सारख्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, नॅशनल फॉरेस्टच्या बातम्या टाकत होतो. प्रश्न अगदी रास्त आहे. जमीन सरकारी, झाडं सरकारी, राखायला सरकारी खातं, मग धोका येतो कुठून? तर धोका सरकारातूनच येतो, वाचवणारेही बऱ्याचदा सरकारातच बसलेले असतात, आणि दर चार वर्षांनी खुर्च्या बदलल्या की जंगलाचं नशीबही बदलू शकतं. ग्रुपवर हे सगळं मावत नाही म्हणून इथे लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोंधळ मिटवतो, कारण तो सगळ्यांचाच होतो. नॅशनल पार्क वेगळं आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळं. यलोस्टोन, योसेमिटी ही पार्कं, ती इंटिरियर खात्याकडे, म्हणजे केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याकडे. नॅशनल फॉरेस्ट मात्र शेती खात्याकडे, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस हे शेती खात्याचं अंग आहे, आणि त्यांच्या ताब्यात साधारण १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे. इथे लाकूडतोड चालते, गुरं चरतात, खाणी निघतात, शिकार होते, स्नोमोबाइल फिरतात, आणि हे चोरून नाही, कायद्यानेच ही जमीन अनेक कामांसाठी आहे. त्यातला साधारण ३ कोटी ६० लाख एकरांचा भाग म्हणजे वाइल्डरनेस. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, लाकूडतोड नाही, सायकलसुद्धा नाही. पायी जा, घोड्यावर जा, होडी वल्हवत जा, आणि परत या. आणि या दोघांच्या मधे आणखी एक प्रकार आहे, रोडलेस एरिया, म्हणजे जिथे अजून रस्ता गेलेला नाही पण ज्याला वाइल्डरनेसचा शिक्काही मिळालेला नाही. तो ५ कोटी ८५ लाख एकर.

आता भांडणाचं मूळ. वाइल्डरनेस ठरतं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या कायद्याने (सेनेट आणि हाऊस ही तिची दोन सभागृहं). रोडलेसला संरक्षण आहे ते एका रूलचं, जो खातं काढतं आणि खातंच मागे घेऊ शकतं. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की गेल्या शंभर वर्षांचं राजकारण आपोआप उलगडतं.

पहिलं वाइल्डरनेस न्यू मेक्सिकोत झालं, १९२४ साली, गिला नॅशनल फॉरेस्टमध्ये, आल्डो लिओपोल्ड तेव्हा फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये नोकरीला होता त्याच्या आग्रहामुळे. पण ते खात्याच्या पातळीवर झालं होतं, आणि जे खात्याने दिलं ते खातं परतही घेतं. ओरेगॉनमधलं थ्री सिस्टर्स बघा. तिथल्या राखलेल्या भागातून १९५७ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने पश्चिमेकडचे साधारण ५३ हजार एकर काढून टाकले, कारण तिथे खालच्या उंचीवरची जाडजूड जुनी झाडं होती आणि लाकूडवाल्यांचा त्यावर डोळा होता. त्या काढलेल्या भागातलं फ्रेंच पीट नावाचं खोरं परत मिळवायला लोकांना १९७८ पर्यंत झगडावं लागलं. उंचावरचे दगड आणि बर्फ राखायला कुणाचीच ना नसते, भांडण नेहमी खालच्या झाडीचं असतं, हे मी इथे राहून शिकलोय, कुठल्याही प्रस्तावाचा नकाशा आला की मी आधी बघतो की रेघ नेमकी कुठल्या उंचीवरून ओढलीये.

अशा अनुभवांमुळेच लोकांना वाटलं की हे खात्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, कायदाच पाहिजे. हॉवर्ड झानिसर नावाचा माणूस, वाइल्डरनेस सोसायटीत काम करायचा, त्याने बिलाचा मसुदा लिहिला. १९५६ मध्ये ते पहिल्यांदा काँग्रेसमध्ये मांडलं गेलं, सेनेटमध्ये डेमोक्रॅट ह्युबर्ट हम्फ्रींनी आणि हाऊसमध्ये रिपब्लिकन जॉन सेलर यांनी. आणि मग आठ वर्षं सुनावण्या, दुरुस्त्या, परत सुनावण्या. कोलोरॅडोचे वेन ॲस्पिनॉल हाऊसच्या इंटिरियर कमिटीचे अध्यक्ष होते, त्यांनी ते बिल वर्षानुवर्षं अडवून धरलं, आणि शेवटी सोडलं ते किंमत वसूल करूनच, म्हणजे १९८३ संपेपर्यंत वाइल्डरनेसमध्ये खाणीचे नवीन दावे करता येतील अशी मुभा त्यात घालून घेतली. शिवाय नवीन वाइल्डरनेस फक्त काँग्रेसच करू शकेल असंही ठरलं. ३ सप्टेंबर १९६४ ला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली. झानिसर त्याच वर्षी मे महिन्यात गेला. सहीच्या वेळी त्याची बायको ॲलिस तिथे हजर होती.

गंमत अशी झाली की फक्त काँग्रेसच ही अट घातली होती ती पायात पाय घालायला, पण तीच पुढे जंगलाच्या कामाची ठरली. का, तर मिळवायला महाकठीण पण एकदा मिळालं की काढून घ्यायलाही तितकंच कठीण. ५४ ठिकाणं आणि ९१ लाख एकरांवर सुरुवात झाली होती, आज सगळ्या खात्यांचं मिळून ११ कोटी एकरांच्या वर वाइल्डरनेस आहे, ८०० पेक्षा जास्त ठिकाणी.

आणि रूलचं काय होतं ते बघा. क्लिंटन यांच्या शेवटच्या दिवसांत, जानेवारी २००१ मध्ये, रोडलेस रूल आला. त्याआधी देशभर ६०० च्या आसपास जाहीर बैठका झाल्या होत्या आणि १६ लाख कमेंट्स आल्या होत्या. बुश यांच्या सरकारने २००५ मध्ये तो बाजूला सारून राज्यांनी अर्ज करावा अशी पद्धत आणली, ती पुढच्याच वर्षी कोर्टात पडली. आयडाहोने २००८ मध्ये आणि कोलोरॅडोने २०१२ मध्ये आपापले वेगळे रूल करून घेतले. अलास्काचं टोंगास जंगल, देशातलं सगळ्यात मोठं नॅशनल फॉरेस्ट, ट्रम्प सरकारने २०२० मध्ये रूलमधून वगळलं, बायडेन सरकारने २०२३ मध्ये परत आत घेतलं. आणि २०२५ च्या जूनमध्ये शेती खात्याच्या सेक्रेटरी ब्रूक रोलिन्स यांनी सांता फेमध्ये जाहीर केलं की अख्खा रूलच रद्द करायचा, म्हणजे वेगळे रूल असलेले आयडाहो आणि कोलोरॅडो सोडून साधारण साडेचार कोटी एकर. टोंगासमधलं एखादं आठशे वर्षांचं झाड घ्या, त्याच्या आयुष्यातल्या गेल्या पाच-सहा वर्षांत त्याच्या भविष्याचा निर्णय दोनदा फिरलाय आणि तिसऱ्यांदा फिरू घातलाय. मला याचा खरोखर त्रास होतो.

याच जूनमध्ये दुसरंही एक प्रकरण झालं ते तुम्ही ऐकलं असेल. यूटाचे सेनेटर माइक ली यांनी मोठ्या बजेट बिलात एक कलम घुसवलं की पश्चिमेतल्या ११ राज्यांतली फॉरेस्ट सर्व्हिस आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची वीस ते तीस लाख एकर जमीन विकायची. वाइल्डरनेस त्यातून वगळलेलं होतं, रोडलेस नव्हतं. इथे आयडाहोत जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, ज्यांच्या ट्रकवर ट्रम्पचे स्टिकर आहेत असे शिकारी, मासे पकडणारे, एटीव्ही (रानात चालवायच्या छोट्या गाड्या) वाले आणि बोईसीचे आमच्यासारखे ट्रेकवाले सगळे एका सुरात ओरडले. आयडाहो आणि मोंटॅनाच्या रिपब्लिकन सेनेटरनी विरोध केला आणि महिना संपायच्या आत लींनी कलम मागे घेतलं. त्याच्या आधी मे महिन्यात हाऊसमध्ये नेवाडा-यूटाची जमीन विकायचं असंच एक कलम आलं होतं, ते काढायला लावण्यात मोंटॅनाचे रायन झिंकी पुढे होते, तेही रिपब्लिकनच, ट्रम्प यांच्या पहिल्या सरकारात इंटिरियर सेक्रेटरी होते.

म्हणून एका पक्षाचं नाव घेऊन शिव्या देणं मला पटत नाही. रेगन यांचं सरकार जंगलाच्या विरोधातलं म्हणून ओळखलं जातं, त्यांचे इंटिरियर सेक्रेटरी जेम्स वॉट यांना मोंटॅनाच्या बॉब मार्शल वाइल्डरनेसमध्ये तेल-वायूचा शोध चालला असता, पण १९८४ या एका वर्षात रेगन यांनीच राज्याराज्यांच्या वाइल्डरनेस बिलांवर सह्या करून ८० लाख एकरांच्या वर जमीन राखली. आणि त्याच रेगन यांनी १९८८ मध्ये मोंटॅनाचं बिल सही न करता मारलं, निवडणुकीच्या अगदी तोंडावर, त्यानंतर मोंटॅनाला नवीन वाइल्डरनेस मिळायला २०१४ उजाडावं लागलं.

आता विरोध करणाऱ्यांबद्दल, कारण हे समजून न घेता नुसतं "जंगल वाचवा" म्हणण्याला काही अर्थ नाही असं माझं ठाम मत झालंय. आयडाहोची साठ टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची आहे. आमच्या इथल्या कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तर नव्वद टक्क्यांच्या वर. त्या जमिनीवर काउंटीला कर लावता येत नाही. मग शाळा कशी चालवायची, रस्ते कसे करायचे? त्यासाठी १९०८ चा कायदा होता की नॅशनल फॉरेस्टच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा काउंटीला शाळा आणि रस्त्यांसाठी. म्हणजे जितकी झाडं पडणार तितका शाळेला पैसा येणार. नव्वदच्या दशकात तोड एकदम खाली आली आणि शाळांचे पैसे आटले, म्हणून २००० मध्ये काँग्रेसने भरपाईचा कायदा केला, पण त्याची मुदत सारखी संपते आणि दरवेळी वॉशिंग्टनच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. मिल बंद पडलेल्या गावातल्या मास्तराला कुणी शहरातून येऊन सांगितलं की अजून दोन लाख एकर बंद करायचेत, तर तो चिडणारच. त्याच्या चिडण्यावर मतं मागणारे पुढारी वेगळे आणि तो मास्तर वेगळा. पुढाऱ्याशी भांडावं, मास्तराशी बसून बोलावं.

आयडाहोची व्हाइट क्लाउड्सची गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात जवळची आहे. सॉटूथच्या पूर्वेला ही रांग आहे, दगड इतका फिकट की लांबून ढग बसल्यासारखे वाटतात, आणि मधोमध कॅसल पीक, ११,८१५ फूट. साठच्या दशकाच्या शेवटी असार्को कंपनीला त्याच्या पायथ्याशी मॉलिब्डेनम या धातूची उघडी खाण काढायची होती. १९७० च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत सेसिल अँड्रस हा स्वतः लाकूडतोडीच्या धंद्यातून आलेला डेमोक्रॅट खाणीच्या विरोधात उभा राहिला, आयडाहोसारख्या राज्यात, आणि निवडून आला. १९७२ मध्ये तो भाग रिक्रिएशन एरिया झाला, खाण झाली नाही. पण वाइल्डरनेस व्हायला २०१५ उजाडलं. त्रेचाळीस वर्षं!

ते शेवटी करून दाखवलं माइक सिम्प्सन या रिपब्लिकन काँग्रेसमननी, आणि त्यांना स्वतःला त्यात दहा-पंधरा वर्षं लागली. पशुपालक, स्नोमोबाइलवाले, काउंटी कमिशनर, आयडाहो कॉन्झर्व्हेशन लीग, सगळ्यांबरोबर बसून एकेक रेघ ठरवली. एकदा बिल हाऊसमध्ये पास होऊन सेनेटमध्ये अडकलं, आणखी एकदा आपल्याच राज्याच्या सेनेटरनी पाठिंबा काढून घेतला. मग ओबामांनी नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे काँग्रेसशिवाय अध्यक्षांच्या सहीने राखली जाणारी जागा, जाहीर करायची तयारी दाखवली, आणि जे पशुपालक आणि कमिशनर आत्तापर्यंत नको म्हणत होते त्यांना कळलं की आपण रेघा ठरवल्या नाहीत तर वॉशिंग्टन ठरवेल. सिम्प्सननी व्हाइट हाऊसकडून थोडे महिने मागून घेतले आणि त्या मुदतीत बिल दोन्ही सभागृहांतून काढलं. ७ ऑगस्ट २०१५ ला सही. २ लाख ७५ हजार एकर, तीन वाइल्डरनेस.

त्यात काय काय सोडावं लागलं तेही सांगतो, कारण अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही. वाइल्डरनेस करावं की नाही याच्या अभ्यासाखाली अडकून पडलेले दीड लाख एकरांच्या आसपास मोकळे केले गेले. काउंट्यांना आणि गावांना काही जमिनी दिल्या. ज्या पशुपालकाला चराईचं परमिट स्वखुशीने सोडायचंय त्याला बाहेरून जमवलेल्या पैशातून मोबदला घ्यायची वाट मिळाली. आणि सायकलवाल्यांच्या लाडक्या ट्रेल गेल्या, आता तिथे सायकल नेता येत नाही, माझे काही मित्र त्यावरून आजही नाराज आहेत आणि मला त्यांचं दुःख समजतं. मी स्वतः सायकल चालवतो. तरीही त्या तीनपैकी कुठलाही तुकडा परत रस्त्याखाली द्यायला मी तयार होणार नाही.

आता सांगा, ट्रम्प सरकारला व्हाइट क्लाउड्स उघडायचं असेल तर काय करावं लागेल? काँग्रेसमध्ये बिल आणावं लागेल, आयडाहोचे खासदार विरोधात जातील, ज्या पशुपालकांनी सह्या केल्या ते विरोधात जातील. कुणी हात लावत नाही. आणि साडेचार कोटी एकर रोडलेस? सेक्रेटरीचं एक भाषण आणि तीन आठवड्यांची कमेंटची मुदत.

त्या तीनपैकी एका वाइल्डरनेसला जिम मॅक्ल्युअर यांचं नाव आहे, तोही किस्सा ऐकण्यासारखा. मॅक्ल्युअर हे आयडाहोचे रिपब्लिकन सेनेटर, वाइल्डरनेसच्या बाबतीत हात आखडताच. त्यांच्या समोर डेमोक्रॅट फ्रँक चर्च, ज्यांनी १९६१ मध्ये वाइल्डरनेस बिल सेनेटमध्ये लढवलं, आणि १९८० मध्ये मध्य आयडाहोचं रिव्हर ऑफ नो रिटर्न वाइल्डरनेस करून घेतलं, वीस लाख एकरांच्या वर. त्याच वर्षी चर्च पाच हजारांहून कमी मतांनी पडले. फक्त जंगलामुळे पडले असं नाही, पनामा कालवा परत द्यायचा करार होता, त्यांनी केलेली सीआयएची चौकशी होती, पण घराघरांत जंगलावरूनही राग होताच. १९८४ मध्ये चर्च कॅन्सरने शेवटच्या आजारात होते तेव्हा त्या जंगलाला त्यांचं नाव द्यायचं बिल मॅक्ल्युअर यांनी आणलं, आणि ते जायच्या काही आठवडे आधी ते झालं. विरोधक असाही असू शकतो.

सगळ्यांनी बसून ठरवलं की होतंच असं मात्र नाही. मोंटॅनात सीली लेक भागात ब्लॅकफूट-क्लिअरवॉटरचा प्रस्ताव आहे, बॉब मार्शल आणि आजूबाजूच्या वाइल्डरनेसना साधारण ७९ हजार एकर जोडायचे. लाकडाची मिल, स्नोमोबाइलवाले, शिकारी-पर्यटकांना रानात नेणारे आउटफिटर, पर्यावरणवाले सगळे एका टेबलावर आले, जे सहसा घडत नाही. बिल वर्षानुवर्षं काँग्रेसमध्ये येतं आणि पडून राहतं. ती मिल २०२४ मध्ये बंद झाली. म्हणजे ज्यांनी हात पुढे केला त्यातला एक माणूस वाट बघता बघता टेबलावरून उठून गेला. याला मी सरळ राजकीय हलगर्जीपणा म्हणतो, गावाने जे करायचं ते सगळं केलं होतं.

विरोधात जे मुद्दे येतात त्यातले दोन-तीन सारखे कानावर पडतात. एक म्हणजे वणवा. वाइल्डरनेस केलं की आग विझवता येत नाही, असं इथल्या रेडिओवर रोज ऐकायला मिळतं. कायद्यातच लिहिलंय की आग, कीड, रोग आटोक्यात आणायला लागेल ते करता येईल, हेलिकॉप्टरसुद्धा उतरतात, परवानगी घ्यावी लागते इतकंच. आणि रोडलेस रूल रद्द करतानाही हाच आगीचा मुद्दा पुढे केलाय, पण माणसांमुळे लागणाऱ्या आगी बहुतेक रस्त्याच्या आसपासच सुरू होतात, कॅम्पफायर, गाडीचा तापलेला सायलेन्सर, ट्रेलरची घासत जाणारी साखळी. शिवाय फॉरेस्ट सर्व्हिसकडे आधीच ३ लाख ७० हजार मैल रस्ते आहेत, देशाच्या इंटरस्टेट हायवेच्या सात पटींहून जास्त, आणि ते राखायला पैसे नाहीत. आहेत त्या रस्त्यांचे पाइप तुंबलेत, पावसाळी नाले रस्ता कापून जातात. नवे कशाला?

रस्ता नेमकं काय करतो हे बघायचं असेल तर एखाद्या जुन्या लॉगिंग रोडच्या खालचा ओढा बघा. बुल ट्राउट नावाचा मासा इथल्या थंड पाण्यात अंडी घालतो, तळाच्या खड्यांमध्ये जागा करून. त्या खड्यांच्या फटींतून पाणी खेळतं राहिलं तर अंड्यांना ऑक्सिजन मिळतो. वर रस्ता असेल तर दर पावसात बारीक माती सुटून खाली येते आणि त्या फटी बुजवते. वरून ओढा नितळ, छान दिसतो, पण खडे हाताने उचलले तर खालून पिठासारखी माती उठते. तिथे अंडी जगत नाहीत. मी ईस्टर्न ओरेगॉनमधल्या वॉलोवा-व्हिटमनमध्ये रस्त्याखालचा आणि बिनरस्त्याचा असे दोन्ही ओढे एकाच दिवशी बघितलेत, फरक समजायला मत्स्यशास्त्रज्ञ असावं लागत नाही.

दुसरा मुद्दा येतो तो मात्र मी मान खाली घालून ऐकतो, की माणसाचा हात न लागलेली जमीन असं तुम्ही म्हणता पण तिथे माणसं राहत होती. हे खरं आहे. फ्रँक चर्च वाइल्डरनेसच्या मिडल फोर्क नदीकाठी तुकुडेका लोकांची वस्ती होती, १८७९ मध्ये सैन्य पाठवून त्यांना तिथून काढलं. या इतिहासावर पांघरूण घालून जंगलाचं कौतुक करू नये. पण मला दिसतं की बऱ्याच ठिकाणी आदिवासी राष्ट्रंच राखण्याच्या बाजूने सगळ्यात पुढे आहेत, मोंटॅनात फ्लॅटहेडच्या जमातींनी तर १९८२ मध्ये मिशन माउंटन्समध्ये स्वतःच्या जमिनीवर स्वतःचं वाइल्डरनेस केलं, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. टोंगासमध्येही अनेक आदिवासी गावांनी रोडलेस रूल ठेवा असंच सांगितलंय.

आणि एक विरोध असा आहे ज्याचा आवाजच होत नाही. कायद्याला हात लावायचा नाही, फक्त माणसं आणि पैसे काढून घ्यायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत फॉरेस्ट सर्व्हिसच्या हजारो नव्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात नोकरीवरून काढलं, काहींना पुढे कोर्टाच्या आदेशाने परत घेतलं, पण सीझन हातचा गेला. यात ट्रेल क्रू होते, वाइल्डरनेस रेंजर होते. वाइल्डरनेसमध्ये चेनसॉ चालत नाही, म्हणजे पडलेली झाडं हाताने कापावी लागतात, आणि एक वर्ष कापली नाहीत की ट्रेल अडते, दोन-तीन वर्षांत हरवते, मग तिथे कुणी जात नाही, आणि मग पुढारी म्हणायला मोकळे की बघा, बंद करून ठेवलंय, कुणाच्या उपयोगाचं नाही.

म्हणून मी उन्हाळ्यात व्हॉलंटियर क्रूबरोबर जातो. दोन माणसांची मोठी करवत असते, सहा फुटी वगैरे, दोन्ही टोकांना मूठ. नियम एकच, आपल्याकडे ओढायचं, समोर ढकलायचं नाही, ढकललं की पातं वाकतं. कापण्याआधी बराच वेळ नुसतं झाडाकडे बघायचं, कुठे टेकलंय, कुठे ताण आहे, कारण मधे लोंबकळत असलेलं खोड वरून कापत गेलं की ते मिटतं आणि करवत गच्च पकडून ठेवतं, मग पात्याच्या मागे पाचर ठोकत पुढे जावं लागतं. करवतीला धार असेल तर भुसा पडत नाही, लांब लांब सळ्यांसारखी लाकडाची सालपटं निघतात, शेवयांसारखी. आमच्या क्रूमध्ये जो म्हातारा सगळ्या करवतींना धार लावतो तो आयुष्यभर मिलमध्ये होता, १९८० च्या त्या बिलाच्या विरोधात सभेला गेलेला माणूस. आज तो दर वर्षी येतो. मी एकदा विचारलं की मत बदललं का, तर म्हणाला, "मिल गेली ती जंगलामुळे गेली नाही हे कळायला मला वीस वर्षं लागली. आणि आता तिथे रस्ता झाला तर मला ऐकवणार नाही." एवढं बोलून तो परत कानस घासायला लागला.

आता आपण काय करू शकतो ते. आपल्यातले बरेच जण ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर आहेत आणि त्यांना वाटतं की मत नाही तर आपला काय संबंध. रूलवर कमेंट द्यायला मतदार असावं लागत नाही, सिटिझन असावं लागत नाही. रोडलेसची पहिली मुदत २०२५ मध्ये २९ ऑगस्टला सुरू होऊन १९ सप्टेंबरला संपली, मी दिली, आणि बायकोनेही दिली, आयडाहोला हे रद्द करणं लागू नसलं तरी, कारण आपला वेगळा रूल आहे म्हणून शेजारच्या ओरेगॉन-मोंटॅनाकडे पाठ फिरवणं मला जमत नाही. पुढे पर्यावरणाच्या परिणामांचा मसुदा येईल तेव्हा परत कमेंट घेतात.

त्यात तयार छापील मजकूर चिकटवू नका. हजार माणसांनी तेच पत्र पाठवलं तर ते एकाच मुद्द्यात मोजलं जातं. तुम्ही कुठे गेलात, कुठल्या ओढ्याचं पाणी गाळून प्यायलात, कुठे एल्क पाहिले, कुठली ट्रेल, कुठल्या महिन्यात, ते लिहा, साध्या इंग्लिशमध्ये, व्याकरण चुकलं तरी चालतं. नेमका मुद्दा असेल तर खात्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि नीट उत्तर दिलं नाही तर तेच पुढे कोर्टात उपयोगी पडतं, रूलच्या वीस वर्षांच्या लढाईत काही लढाया अशाच जिंकल्या गेल्यात. आणि जे सिटिझन आहेत त्यांनी फोन आपल्याच सेनेटरला करावा, दुसऱ्या राज्यातल्या नाही. तो रिपब्लिकन असेल तर आधी करावा. जूनमध्ये जमीन वाचली ती अशा सेनेटरना गेलेल्या फोनांमुळे.

मसुदा आला की लिंक मी ग्रुपवर टाकीनच. तोवर तुम्ही ज्या फॉरेस्टमध्ये जाता तिथल्या रेंजर डिस्ट्रिक्टचं नाव बघून ठेवा आणि तुमच्या आवडत्या ट्रेलच्या आसपास रोडलेस एरिया येतो का ते फॉरेस्ट सर्व्हिसच्या नकाशावर तपासा. नकाशा वाचताना अडलात तर मला मेसेज करा, आपण बरोबर बसून बघू.